जागच्या जागी

५ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हणते. पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोन करायचा तर इथे तुझा दादा आणि दोन्ही पोरं माझ्या कानाला कान लावून उभी राहतात, आणि तिकडे तुझ्या शेजारी आई. त्यांचे कान किती तिखट आहेत ते मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात शिकले. तेव्हा आपल्या दोघींचं पत्रात.

नव्या गावात दात बनवायच्या कार्यशाळेत तू मुख्य कारागीर होणार, हे माझं आमच्या दुकानात सगळ्यांना सांगून झालं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लोकांच्या कवळ्या घासल्यास, आता तुझ्या हाताखाली माणसं. आईंच्या काळजीने पाय मागे घेऊ नकोस. पुढच्या महिन्यात त्या आमच्याकडे येताहेत ना, मग बघच. घर असं लावते की त्यांना पहिल्या दिवशीच वाटावं, आता इथेच राहायचं.

माझं कामच ते आहे. कापडाच्या दुकानाच्या काचेमागे मी पुतळे, खुर्च्या, दिवे मांडते आणि दर पंधरवड्याला सगळं उपटून नव्याने मांडते. आमच्या मालकीणबाई म्हणतात, तीच मांडणी महिनाभर राहिली की लोकांना दुकान दिसेनासं होतं. ही खोड घरीही आली आहे. तुझा दादा म्हणतो, कामावरून आल्यावर आधी घर आपलंच आहे ना याची खात्री करावी लागते.

यंदा दारातच एक बाक केला आहे, बसून बूट घालायला, आणि बाकाच्या पोटात सगळ्यांचे बूट. पोरांच्या दप्तरांच्या खुंट्या त्यांच्याच उंचीवर ठोकल्या, त्यामुळे दप्तर जमिनीवर लोळायची सबब संपली. स्वयंपाकघरातल्या टेबलाला चाकं लावली, हवं तिकडे ढकलता येतं. आईंना मागची खोली, सकाळचं ऊन तिथेच पहिलं येतं. तिला मी निळे पडदे शिवणार आहे. नमनालाच घडाभर तेल झालं, आता तू सांग. पलंग किती उंच हवा, उशी कशी हवी, कशाने त्यांना बरं वाटेल? काही लपवू नकोस.

तुझी
वहिनी

१४ जानेवारी

प्रिय वहिनी,

आई समोर बसून मटार सोलते आहे आणि मध्येच विचारते आहे, काय लिहितेस एवढं. तुझ्या तक्रारी कळवते आहे म्हटलं. म्हणाली, मग कागद पुरायचा नाही.

पलंग गुडघ्याएवढा पुरे. उशी तिची तिच्याबरोबर येईल, जाड बुडाचा पेलाही येईल, चहा ती त्यातूनच पिते. खोलीत दिवा चांगला मोठा लाव. गालिचा मात्र नको, पायाखाली मऊ लागलेलं तिला चालत नाही. जिना उतरताना दादाला हात धरायला सांग, तिचे गुडघे हल्ली कुरकुरतात. पेपर वाचत नाही म्हणून आग्रह करू नका, चष्मा जुना झालाय, करू सावकाश. आणि एक, वस्तू एकदा जिथे ठेवल्या तिथेच राहू देत. म्हातारं माणूस सवयीचं असतं. बाकीचं विसरलीस तरी एवढं विसरू नकोस.

निळ्या पडद्यांचं मी तिला वाचून दाखवलं. निळा रंग शांत असतो म्हणाली, खूश झाली. मग बराच वेळ मटार सोलत राहिली आणि म्हणाली, "तिच्या घरात माझ्यामुळे काही अडायला नको." तिचं हे असंच असतं, तू मनावर घेऊ नकोस.

मी जाते आहे खरी. पण ती तिकडे रमली नाही तर मी इथे दात घडवत बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

तुझी
(नाइलाजाने) वन्सं

१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

आई आल्या त्याला दहाएक दिवस झाले. आधी चांगलं सांगते. पोरं त्यांच्याशेजारी कोण बसणार यावरून भांडतात. धाकट्याला त्यांनी बुटांच्या नाड्या बांधायला शिकवल्या, मी वर्षभर डोकं आपटत होते. तुझा दादा जेवताना बोलायला लागलाय. एरवी दिवसभर गाड्यांच्या खाली आडवा असतो आणि घरी आला की उभ्याउभ्या झोपतो.

पडद्यांचं मात्र ऐन वेळी बदललं. निळं कापड पोरांच्या खोलीलाच पुरलं आणि दुकानात हळदीच्या रंगाचा एक तागा उरला होता, तो आईंच्या खोलीला लावला. सकाळी खोली नुसती उजळून निघते.

आता दुसरं सांगू का? तुझ्याशिवाय कुणाला सांगणार. आई घरभर बोट फिरवतात. जाता येता, कपाटाच्या कडेवरून, खुर्चीच्या पाठीवरून, खिडकीच्या चौकटीवरून. तोंडाने चकार शब्द नाही. मी रोज कामाला जाण्याआधी सगळीकडे फडकं मारते, तरी संध्याकाळी बोट चालूच. परवा मुद्दाम एक फळी पुसलीच नाही. बोट आलं, थांबलं, अंगठ्यावर घासलं गेलं आणि पुढे गेलं. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

दिवाणखान्यातली खुर्ची मी खिडकीशी ढकलली, संध्याकाळी बघते तर पुन्हा जुन्या जागी. स्टूल इकडचं तिकडे केलं, तेही परत. मी मांडायचं आणि त्यांनी मोडायचं असा खेळ चाललाय, आणि दोघीही त्याबद्दल बोलत नाही. शेवटी काल मी हिय्या करून विचारलं, आई, पडदे कसे वाटले? तर धडधडीत पिवळ्या पडद्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "निळा रंग किती शांत वाटतो गं." मला कळेना, हसावं की रडावं. निळे कबूल केले आणि पिवळे लावले म्हणून टोमणा? लेकी बोले सुने लागे हे ऐकलं होतं. इथे तर लेक परगावी, म्हणून बोल पडद्याला.

तुझा दादा म्हणतो, तू उगाच मनाला लावून घेतेस. त्याच्यापुढे हत्ती आणून बांधला तरी तो म्हणेल, जरा बाजूला घ्या, टीव्ही दिसत नाही.

तुझी
वहिनी

१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस कामात लक्ष लागलं नाही. एका गृहस्थांचा सुळा त्यांच्या बायकोच्या मापाचा केला.

आई धूळ बघत नाही गं. बोट फिरवायची तिला सवय आहे, इथेही फिरवायची. आणि पडद्याचा टोमणा तर मुळीच नाही. तुझ्याबद्दल ती कधी वाकडं बोललेली मला आठवत नाही. बोलायचं झालंच तर चुकून बोलली असेल, वय झालं आता. निळ्याचं डोक्यात बसलं असेल.

वहिनी, माझं एक ऐक. सामान हलवू नकोस. दुकानात हवी ती उलथापालथ कर, घरात राहू दे जरा. कारण विचारू नकोस. माझ्यासाठी म्हणून कर.

इथे कार्यशाळा छान आहे. खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर, दाताच्या रंगाच्या छटा ओळखायला तो लागतोच. हाताखाली तिघी आहेत आणि तिघीही मला घाबरतात, हे मला फार आवडतं. राहायला एका बाईंच्या घरातली वरची खोली मिळाली आहे. तिथे पलंग, टेबल आणि मी, एवढंच मावतं.

तुझी
वन्सं

४ मार्च

प्रिय वन्सं,

आज हसत लिहिणार नाही.

रविवारी मी स्वयंपाकघर नव्याने लावलं. हो, तू नको म्हणाली होतीस. पण पोरं अभ्यासाला टेबलावर बसतात आणि ओट्याचा धूर त्यांच्या तोंडावर येतो. म्हणून टेबल खिडकीशी नेलं. आई तेव्हा झोपल्या होत्या. उठल्या आणि नेहमीसारखा सगळ्यांचा चहा त्यांनीच केला. मी दारात उभी होते. काठोकाठ भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, वळल्या, आणि जिथे काल टेबल होतं तिथे ते अधांतरी सोडून दिलं. नुसतं सोडून दिलं गं. पातेलं त्यांच्या पायाशी आपटलं, चहा थोरलीच्या वह्यांवर, भिंतीवर, त्यांच्या पावलावर. पाऊल भाजलं. फोड आलाय, डॉक्टरांनी मलम दिलंय, काळजीचं काही नाही.

मी धावले. पाय पाण्याखाली धरला. त्या म्हणाल्या, हात निसटला. पण मी बघत होते, हात निसटला नव्हता. मग मात्र माझ्या तोंडून गेलंच. मी म्हटलं, "आई, टेबल हलवलेलं आवडलं नसेल तर सांगायचं होतं. असं करायचं नव्हतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा वर बघितलं. रात्री तुझ्या दादाला म्हणाल्या, मला लेकीकडे पोचव.

मी हरले. लोकांना चालता चालता थांबवण्याचे पैसे घेते मी, आणि माझ्या घरात एक बाई थांबायला तयार नाही. त्यांना माझं घर नको आहे. तुझ्या त्या एका खोलीत कशा राहणार ते देव जाणे, पण त्यांना तू हवी आहेस.

वहिनी

९ मार्च

वहिनी,

मी राजीनामा लिहिला आहे. महिनाअखेरीला इथून सुटते आणि आईला घेऊन जुन्या गावी परत जाते. जुन्या कार्यशाळेत पुन्हा विचारून बघेन. तुझी चूक नाही, आईचीही नाही. आले की समोर बसून सगळं सांगेन. तोवर तिला पायाला जपायला सांग आणि तू तिच्याशी बोलणं टाकू नकोस, एवढीच विनंती.

वन्सं

१४ मार्च

वन्सं,

तुझं पत्र काल आलं. राजीनामा दिला असशील तर परत माग. दिला नसशील तर फाड. आणि आता नीट बसून वाच.

सोमवारी सकाळी मी आईंच्या खोलीत त्यांच्या पायाला मलम लावत होते. तू सांगण्याआधीही मी बोलणं टाकलं नव्हतं, पण कामापुरतंच चाललं होतं. पाय पुढे करा, दुखतंय का, एवढंच. त्यांची पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली. ऊन खिडकीतून आलं आणि सगळा पलंग, चादर, त्यांचे पांढरे केस, सगळं हळदीचं झालं. आणि त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "जाताना तुझा एक निळा पडदा नेऊ का गं? तू माझ्यासाठी शिवलेला."

माझा हात तिथेच राहिला. टोमणा मारणारं माणूस असं मागत नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, त्या पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या, हसत. मी विचारलं, "आई, पडदा कुठल्या रंगाचा आहे?"

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तू सांगशील त्या."

मला एकदम सगळं समजलं. बोट, खुर्ची, स्टूल, पातेलं. त्या वाट शोधत होत्या गं, आणि मला वाटलं धूळ शोधताहेत. रोज घराचा नकाशा बोटाने पाठ करायच्या आणि रोज मी तो पुसून टाकत होते. त्या तो परत लावत होत्या, खुर्ची उचलून, या वयात. आणि त्या रविवारी भाजल्या पायाने माझं बोलणं ऐकून घेतलं, पण खरं सांगितलं नाही. मी त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन रडले. त्याही रडल्या. मग म्हणाल्या, मलम सगळं माझ्या साडीला लावतेस, आता पुरे.

पंधरा वर्षं मी ओळखत आले आहे की रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर कुठे पडते. आणि माझ्या घरातल्या माणसाची नजर कुठेच पडत नाही, हे मला दिसलं नाही. माझा स्वतःवर राग आहे, तो मी बघून घेईन. पण तुझ्यावरही आहे. पहिल्याच पत्रात मी लिहिलं होतं, काही लपवू नकोस. तू मला गुडघे सांगितलेस, चष्मा सांगितलास, पायाखालचा मऊपणा सांगितलास. दाखवायचे दात घडवता घडवता तुला तीच सवय लागली का? पातेलं त्यांच्या पावलाऐवजी धाकट्याच्या डोक्यावर पडलं असतं तर आपण दोघी काय करणार होतो?

पिशवी मी सोडली आहे. त्यांना विचारून सोडली. पण त्यांनी मनापासून हो म्हटलेलं नाही. महिनाभर बघू म्हणाल्या. मला महिना मिळाला आहे, तो तू राजीनाम्याने घालवू नकोस.

वहिनी

२० मार्च

प्रिय वहिनी,

राजीनामा फाडला. तुझं सगळं बोलणं मला कबूल आहे, धाकट्याचं तर रात्रंदिवस डोक्यात आहे. कारण सांगते, पण ती सबब समजू नकोस.

तुला ते मटारचं पत्र लिहीत होते ना, तेव्हा मी पहिल्याच ओळीत खरं लिहिलं होतं. काय लिहिलंस वाच, आई म्हणाली. मी वाचलं. तिने सोलायचं थांबवलं आणि म्हणाली, "डोळ्यांचं कळवलंस तर मी तुझ्या दादाच्या घरी पाऊल टाकणार नाही. पाहुणी म्हणून जाईन, आई म्हणून जाईन, पण ओझं म्हणून जाणार नाही. मला कोपऱ्यात बसवतील. चहासुद्धा करू देणार नाहीत." तो कागद मी टाकला आणि दुसरा घेतला. तेव्हा वाटलं, तिचा मान राखतेय. नोकरीवर निघायची घाई मलाही होती, हेही खरं.

दोन वर्षं झाली. मागचा पडदा झिजत चाललाय म्हणतात, डोळ्याच्या आतला. गेलेलं परत येत नाही. आकार कळतात, कडेचं थोडं दिसतं, रंग आणि चेहरे गेले. आमच्या घरात तिला काही लागायचं नाही, कारण तिथे तीस वर्षांत एक खिळासुद्धा हललेला नव्हता.

वहिनी, एकच कर. तिला कोपऱ्यात बसवू नकोस. तिला तीच भीती आहे.

तुझी
वन्सं

१६ एप्रिल

प्रिय वन्सं,

रागाचं संपलं. अति झालं आणि हसू आलं अशी गत आहे, ऐक.

आधी सगळ्यांना बसवून सांगितलं. आईंनी स्वतः सांगितलं, मी फक्त शेजारी बसले. तुझा दादा उठून गच्चीत गेला आणि बऱ्याच वेळाने आला, त्याचे डोळे लाल होते. आल्यावर पहिलं काम काय केलं, तर टेबलाची चाकं काढली. आता ते चार माणसं आल्याशिवाय हलत नाही. टेबल मी आईंना विचारून बसवलं, पातेलं हातात घेऊन त्या वळल्या आणि म्हणाल्या, इथे. ओट्याचा धूर पोरांच्या तोंडावर जाऊ नये म्हणून खिडकीत पंखा लावला. हे मला आधी सुचायला काय झालं होतं, विचारू नकोस.

डॉक्टरांकडे नेलं. औषधाने आहे तेवढं टिकेल म्हणाले, आणि उजेड वाढवा. म्हणून दिव्यांची माझी सगळी विद्या घरी आणली. काचेमागे मी काय करते, तर पांढरा सदरा कधी पांढऱ्या भिंतीपुढे ठेवत नाही. काळा पडदा मागे टाकला की पलीकडच्या फुटपाथवरूनही दिसतो. तेच केलं. आईंचा पेला आता काळ्या ताटलीत, त्यांना त्याची कड कळते. पांढऱ्या न्हाणीघरात गडद रंगाचा दांडा, दारांच्या चौकटींना गडद पट्टा, पायरीच्या कडेला पिवळा. हाताला कळावं म्हणून दुकानातल्या चिंध्या आणल्या. त्यांच्या खोलीच्या दाराच्या मुठीला मखमल, न्हाणीघराच्या मुठीला जाडं खरखरीत कापड. मीठ चौकोनी डब्यात, साखर गोल. पहिल्या दिवशी मीच दोन्हींची अदलाबदल केली आणि सगळ्यांनी खारट चहा प्यायला. आई म्हणाल्या, डोळसांचं हे असंच असतं.

घरात एकच नियम केला. कुठलीही वस्तू जागच्या जागी, आणि हलवायची तर आधी मोठ्याने सांगायचं. धाकटा दिवसभर ओरडत असतो, आजी, मी गाडी सोफ्याखाली ठेवली. आजी, मी गाडी काढली. आजी, मी नाक पुसलं.

कोपऱ्यात मी त्यांना बसवलं नाही. पण खरं सांगू, पहिले दोन दिवस मी त्यांना गॅसजवळ जाऊ देत नव्हते. हात धरून खुर्चीत नेऊन बसवायचे, गोड बोलून. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तू टेबल हलवत होतीस ते बरं होतं. आता मलाच हलवतेस." मग मी बाजूला झाले. चहा त्याच करतात. मी पाठीमागे उभी राहते आणि हात मागे बांधून ठेवते, कारण ते आपोआप पुढे जातात.

महिना उलटून गेला. त्यांनी जाण्याचा विषय काढला नाही, राहण्याचाही नाही. मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते. त्या सगळं नीट करतात, हसतात, पण अजून पाहुण्यासारख्या. आपल्या घरात माणूस कुरकुर करतं, त्या करत नाहीत.

तुझी
वहिनी

२७ एप्रिल

प्रिय वहिनी,

कुरकुर ऐकायला आसुसलेली सून मी पहिल्यांदाच पाहिली. काळजी करू नकोस, आमच्या आईच्या पोटात तिचा भरपूर साठा आहे. आम्हाला तो जन्मभर पुरला, तुलाही मिळेल.

तुझं पत्र मी कार्यशाळेत मोठ्याने वाचलं, खारट चहाला तिघी पोट धरून हसल्या. एकीची आजी अशीच आहे, ती मुठींना कापड लावणार आहे. मी मात्र रात्री ते पुन्हा एकटीने वाचलं आणि खूप दिवसांनी शांत झोप लागली. जून महिन्यात रजा मिळेल. न सांगता येऊ की सांगून?

तुझी
वन्सं

८ जून

प्रिय वन्सं,

सांगून ये, आणि दारात तुझी बॅग कुठे ठेवलीस तेही मोठ्याने सांग. नियम सगळ्यांना सारखा.

आता कालचं सांगते. काल मी कामावरून उशिरा आले. काचेमागे नवी मांडणी करायची होती, पाय तुटून गेले होते. दारातल्या बाकावर बसून बूट काढले, आत आले, दिवा न लावताच दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे निघाले. माझं घर आहे, तीन महिन्यांत इथे एक चमचा हललेला नाही, मला आता डोळे मिटून चालता येतं. आणि मधोमध खुर्चीला धाडकन आपटले. गुडघ्याला असं लागलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मी ओरडले, खुर्ची कुणी हलवली? पोरं म्हणाली, आम्ही नाही. तुझा दादा म्हणाला, मी कशाला हलवू, मी तर तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते मला पटलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"मी हलवली. तिकडे दारातून वारं लागतं. आणि इथून मला पोरांची बडबड नीट ऐकू येते. किती दिवस मनात म्हणत होते, या बाईने घर लावलंय छान, पण खुर्चीची जागा चुकली आहे."

मी म्हटलं, आई, नियम आहे ना, सांगायचं.

त्या म्हणाल्या, "आपल्या घरातली खुर्ची हलवायला कुणाला विचारायचं?"

मी गुडघा धरून तिथेच जमिनीवर बसले. तुझ्या दादाला वाटलं, फार लागलंय. तो बर्फ आणायला धावला. त्याला काय सांगणार, मी ते वाक्य दुसऱ्यांदा मनात म्हणून बघत होते. मग आई आल्या, चौकटीच्या पट्ट्यावरून बोट फिरवत, आणि माझ्याजवळ टेकल्या. माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, त्या वरच्या फळीवर धूळ आहे हो. फेब्रुवारीत पण होती, तेव्हा म्हटलं, दुसऱ्याच्या घरात कशाला बोला.

आज सकाळी सगळ्यांत आधी मी फळी पुसली. खुर्ची त्यांनी ठेवली तिथेच आहे. गुडघा निळा झालाय, तो निळाच आहे, थोरलीने खात्री करून आजीला सांगितलं. पडदे पिवळेच राहू देत म्हणाल्या, ऊन तोंडावर आलं की त्यांना ते पिवळे वाटतात.

तू ये. आईंची यादी तयार आहे, सगळ्या तुझ्याबद्दलच्या तक्रारी आहेत. कागद पुरायचा नाही, म्हणून तोंडीच सांगणार आहेत.

तुझी
वहिनी